जुना बिझनेस लॅपटॉप: रॅम वाढवू, एसएसडी बदलू की नवीनच घेऊ?

जमाखर्च:

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. माझ्याकडे १४ इंची बिझनेस सिरीजचा लॅपटॉप आहे, इंटेल आय-फाइव्ह आठव्या जनरेशनचा, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, विंडोज १०. ऑफिसने सगळ्यांची मशीन्स बदलली तेव्हा जुन्यांपैकी हा मी घेतला. कीबोर्ड इतका छान आहे की सोडवत नाही, दिवसभर आकडे टाइप करायचं काम असल्यामुळे मला त्याची किंमत कळते, हल्लीच्या पातळ लॅपटॉपवर तासाभरात बोटं दुखायला लागतात.

माझं काम म्हणजे अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, दोन-तीन भल्यामोठ्या एक्सेल शीट्स, ब्राउझरमधे वीसेक टॅब आणि मधूनमधून व्हिडिओ मीटिंग. पूर्वी हे सगळं व्यवस्थित चालायचं. आता मीटिंग सुरू झाली की पंखा फुल स्पीडला जातो आणि पाच-दहा मिनिटांनी सगळंच अडकायला लागतं, एक्सेलमधे सेल बदलला तर कर्सर मागून येतो, समोरच्याला माझा आवाज तुटक ऐकू जातो. बॅटरी पाऊण तासात संपते त्यामुळे चार्जर कायम लावलेलाच असतो. बाकी बॉडी, स्क्रीन, बिजागऱ्या एकदम ठणठणीत. हां, टचपॅडचं डावं बटण हल्ली जरा जड लागतंय पण मी माउस वापरते त्यामुळे त्याचं काही नाही.

आता प्रश्न असे की रॅम १६ करू का, एसएसडी मोठी टाकू का, की दोन्ही, का या वयाच्या मशीनवर खर्च करण्यात अर्थच नाही? विंडोज ११ यावर चालेल का? आणि हे सगळं घरच्या घरी उघडून करता येतं का? आधी कधी लॅपटॉप उघडलेला नाही पण हात स्थिर आहे आणि वाचून करायची तयारी आहे.

वेखंड:

आठवी जनरेशन म्हणजे अजिबात टाकाऊ नाही ताई. चार कोअर, आठ थ्रेड, तुमच्या कामाला हे अजून बरीच वर्षं पुरेल. आणि विंडोज ११ ची इंटेलसाठीची अधिकृत यादी साधारण आठव्या जनरेशनपासूनच सुरू होते, त्यामुळे तुम्ही काठावर का होईना पण आत आहात. बिझनेस मॉडेल असल्यामुळे टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सिक्युरिटी चिप) आत असणारच, फार तर बायोसमधे (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग्ज) बंद केलेलं असेल, ते चालू करायचं आणि तिथलंच सिक्युअर बूट चालू करायचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरगुती वापराच्या मशीनसाठीचे वाढीव सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत, तेव्हा हिशोबाचं काम त्या मशीनवर करत असाल तर हे लांबवू नका.

रॅमचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, १६ कराच. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समधे मेमरीवर क्लिक करा, तिथे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. दोनपैकी एक असं असेल तर नुसती ८ ची अजून एक स्टिक टाका. दोन स्टिक असल्या की मेमरी ड्युअल चॅनलमधे, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरून, चालते आणि या प्रोसेसरचं ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी घेत असल्यामुळे व्हिडिओ मीटिंगमधे फरक जाणवतो. डीडीआर४ ची लॅपटॉपवाली २६० पिनची स्टिक लागेल. तुमचा प्रोसेसर २४०० च्या स्पीडने चालवतो, ३२०० ची मिळाली तरी घ्या, ती खाली उतरून २४०० वर चालते.

एसएसडी किती भरलीये ते पण सांगा. काठोकाठ भरलेली एसएसडी स्लो होतेच.

बारका_स्क्रू:

थांबा. रॅम आणि एसएसडी दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी हे वाचा.

ताई तुम्ही शेवटी सहज लिहिलंय ना, टचपॅडचं डावं बटण जड लागतंय, तुमच्या अख्ख्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे. या साच्याच्या बहुतेक लॅपटॉपमधे बॅटरी बरोबर तळहाताच्या खाली आणि टचपॅडच्या खाली बसवलेली असते. बॅटरी फुगली की ती टचपॅडला खालून दाबते, बटणाला खाली जायला जागा उरत नाही आणि क्लिक जड होतो. कायम चार्जरवर, कायम १०० टक्के आणि वर आतून गरम, बॅटरी फुगायला याहून वेगळं काही लागत नाही. मी रिपेअरचं काम करतो, टचपॅड खराब झालाय म्हणून माणसं घेऊन येतात आणि आत बॅटरी उशी झालेली असते, हे नेहमीचं आहे.

आत्ता काय करायचं ते सांगतो. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. झाकण मिटून सपाट टेबलावर ठेवा आणि एका कोपऱ्यावर हलकं बोट दाबून बघा डुगडुगतोय का. मग नजर टेबलाच्या पातळीला आणून कडेने बघा, खालचं कव्हर मधे फुगीर दिसतंय का, तळहाताच्या भागाची शिवण कुठे उघडलीये का. टचपॅड बाजूच्या प्लास्टिकपेक्षा अगदी अर्धा मिलिमीटर जरी वर आला असेल तरी नखाने कळतं. असं काही सापडलं तर तो परत चार्जिंगला लावू नका. वरून दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको. फुगलेल्या बॅटरीत गॅस असतो आणि तिला टोचा लागला किंवा ती वाकली तर आतले थर एकमेकांना लागून ती पेट घेऊ शकते.

तसं काही नसेल तर उत्तमच, मग पुढचं बोलू. तेव्हा रॅमच्या आधी दोन गोष्टी मोजायच्या. एक, बॅटरी रिपोर्ट. कमांड प्रॉम्प्टमधे पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं की एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी (नवीन असतानाची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता उरलेली) असे दोन आकडे बघा. दुसरं, एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालू ठेवून एक मीटिंग करा आणि प्रोसेसरचं तापमान किती जातं, क्लॉक म्हणजे त्याचा स्पीड किती खाली येतो ते टिपून ठेवा. पाच-दहा मिनिटांनी अडकतंय हे लक्षण रॅमपेक्षा उष्णतेचं वाटतं मला. रॅम कमी असती तर मीटिंग नसतानाही टॅब बदलताना अडकलं असतं.

अर्धविराम:

माझं मत थोडं वेगळं. काम हिशोबाचं आहे, लोकांची कामं त्यावर अवलंबून आहेत, अशा वेळी जुन्या मशीनवर विसंबून राहणं मला पटत नाही. बॅटरी, रॅम, एसएसडी, सगळं बदललं तरी मदरबोर्ड जुनाच ना? उद्या चार्जिंगचा भाग गेला तर वर केलेला खर्च वाया.

बारका_स्क्रू:

@अर्धविराम, मुद्दा चुकीचा नाही, पण रॅम आणि एसएसडी वाया जात नाही, दुसऱ्या मशीनमधे बसते. बॅटरी तेवढी त्याच मॉडेलची. आणि बिझनेस मशीनचं वेगळेपण हेच की सुटे भाग पार्ट नंबरने मिळतात, कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल सगळ्यांना डाउनलोड करता येतं, त्यात कुठला स्क्रू किती मिलिमीटरचा हे पण लिहिलेलं असतं. घरगुती सिरीजमधे हे सगळं दरवेळी मिळेलच असं नाही. बॅकअप मात्र हवाच, तो नवीन मशीन घेतली तरी हवाच.

जमाखर्च:

बारका_स्क्रू, तुमचे आभार कसे मानू कळत नाहीये. लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय आणि टचपॅडची खालची कड नखाला लागतेय. लगेच बंद केला, सध्या घरच्या दुसऱ्या मशीनवरून लिहितेय.

सुदैवाने बॅटरी रिपोर्ट आणि तापमान आपला प्रतिसाद यायच्या आधी वेखंड यांनी सांगितलेलं बघताना सोबत बघून ठेवलं होतं, आमच्या ऑफिसातल्या एकाने ती कमांड दिली होती. डिझाइन कपॅसिटी ५० हजार मिलीवॉट-अवरच्या आसपास आणि फुल चार्ज १९ हजार. मीटिंगमधे तापमान ९७-९८ पर्यंत जातं आणि क्लॉक १ गिगाहर्ट्झच्या आसपास पडून राहतो. रॅमचे स्लॉट दोनपैकी एक वापरात. एसएसडी वर १८ जीबी मोकळी आहे.

आता बॅटरी मी काढू का? की दुकानातच द्यावं? आणि बॅटरीशिवाय तो चालतो का?

बारका_स्क्रू:

बरं झालं वेळेत बघितलंत.

९८ ला १ गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी ब्रेक मारतोय. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे, तिच्या जवळ गेला की तो आपणहून स्पीड कमी करतो. तुमच्या आय-फाइव्हने मीटिंगमधे अडीच गिगाहर्ट्झच्या वर आरामात राहायला हवं. म्हणजे मशीन म्हातारं झालेलं नाही, ते गुदमरतंय. ३२ जीबी रॅम टाकली असती तरी ते तसंच अडकलं असतं.

बॅटरीबद्दल. थोडीच फुगली असेल आणि खालचं कव्हर सहज सुटत असेल तर काढणं अवघड नाही, बिझनेस मॉडेलमधे ती बहुतेक वेळा चिकटवलेली नसते, चार-पाच स्क्रू आणि एक कनेक्टर. पण कव्हर अडकलेलं असेल, जोर लावावा लागत असेल, काही गोडसर सॉल्व्हंटसारखा वास येत असेल तर हात लावू नका, रिपेअरवाल्याकडे न्या आणि नेताना त्याला आधी सांगा की बॅटरी फुगलीये.

स्वतः करणार असाल तर अंगठ्या, ब्रेसलेट काढून ठेवा. कव्हरचे स्क्रू बऱ्याच मॉडेलमधे कव्हरलाच अडकलेले असतात, पूर्ण बाहेर येत नाहीत, ते ओढून काढायचे नाहीत, सैल झाले की पुरे. मग बिजागरीच्या बाजूने जुनं प्लास्टिक कार्ड सरकवत एकेक क्लिप सोडवायची. स्टीलचं काहीही आत घालायचं नाही, आणि बॅटरीच्या बाजूने तर कार्डसुद्धा खोल घालू नका. उघडलं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, वायर धरून नाही, कनेक्टरची कड धरून. बॅटरी बाहेर आली की वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात किंवा निदान फरशीवर, जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा जागी ठेवा आणि लवकरात लवकर ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. रोजच्या कचऱ्यात टाकायची नाही, कचरागाडीत दाबली गेली की तिथे आग लागते.

बॅटरीशिवाय चार्जरवर बहुतेक मशीन चालतात, पण काही मॉडेल बॅटरी नसली की मुद्दाम हळू चालतात कारण प्रोसेसरला क्षणभर जास्त करंट लागतो तेव्हा एकटा चार्जर कमी पडू शकतो. त्यामुळे बॅटरी काढून स्पीड मोजू नका. आणि वायर चुकून जरी निघाली तरी मशीन तत्क्षणी बंद, तेव्हा सेव्ह करत राहा.

नवीन बॅटरी घेताना जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि वॉट-अवर जुळवून घ्या. त्याच आकारात मूळपेक्षा खूप जास्त कपॅसिटी लिहिलेली असेल तर सोडून द्या, सेल तेवढेच मावतात, आकडा फक्त स्टिकरवर वाढलेला असतो. ओरिजिनल असेल तरी बनवल्याची तारीख बघा, वर्षानुवर्षं गोडाऊनमधे पडलेली बॅटरी न वापरताही उतरते. आणि बसवल्यावर रिपोर्टमधला आकडा चांगला आला म्हणून लगेच समाधान मानू नका, तो बॅटरीच्या आतली चिप सांगते, स्वस्त बॅटरीतली चिप खोटं पण सांगते. फुल चार्ज करून प्रत्यक्ष काम करत किती वेळ चालते ते घड्याळ लावून बघा, तेच खरं.

जमाखर्च:

कव्हर सहज निघालं, वास वगैरे काही नाही, बॅटरी काढून गॅलरीत फरशीवर ठेवली आणि ई-कचरावाल्यांना देऊन पण टाकली. मधला एक सेल स्पष्ट गोल झालेला दिसत होता. नवीन येईपर्यंत मशीन उघडंच आहे तर पंख्याचं काम पण करून टाकते. पंख्याच्या पात्यांवर धूळ फार नाहीये, मग एवढं गरम का होतं?

बारका_स्क्रू:

पाती बघून कळत नाही. पंखा काढा, तीन-चार बारीक स्क्रू असतात आणि एक छोटा कनेक्टर. पंख्याच्या तोंडाशी जिथून हवा बाहेर जाते तिथे तांब्याच्या बारीक जाळ्या असतात, धूळ त्या जाळ्यांच्या आतल्या बाजूला साचते, पंखा आणि जाळीच्या मधे. वर्षानुवर्षांची धूळ आणि कपड्यांचे तंतू एकत्र होऊन तिथे गोधडीसारखा जाड थर बसलेला असतो आणि बाहेरून एअर मारली तर तो उलट आत घट्ट बसतो. पंखा काढून चिमट्याने उचलला की अख्खा एका तुकड्यात निघतो. हवेचा फवारा मारायचाच असेल तर पातं बोटाने धरून ठेवा, मोकळा पंखा गरगर फिरला की बेअरिंग जातं.

मग हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता जाळीपर्यंत नेणारी धातूची पट्टी. त्याच्या स्क्रूंवर १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट्या क्रमाने थोडे थोडे सैल करायचे, बसवताना सुलट्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं करायचं नाही, खाली प्रोसेसरची काचेसारखी ठिसूळ उघडी चिप असते, एका बाजूने दाब आला तर कोपरा तुटतो. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल, ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा, खरवडू नका. नवीन पेस्ट अगदी पातळ थर पण चिप पूर्ण झाकली गेली पाहिजे. लॅपटॉपमधे पातळ पेस्ट वर्षा-दोन वर्षांत गरम-थंड होऊन कडेला सरकते, म्हणून जरा घट्ट पेस्ट घ्या, किंवा हनीवेलचं पीटीएम७९५० नावाचं शीट मिळतं, ते साधारण ४५ अंशाला मऊ होऊन पसरतं आणि सरकत नाही, मी हल्ली तेच लावतो. आजूबाजूच्या चिप्सवर रबरासारखे पॅड असतील तर ते जसेच्या तसे राहू द्या, त्यांच्या जागी पेस्ट लावून भागत नाही कारण तिथली फट मोठी असते.

टर्मिनलवाला:

छान धागा. मशीन उघडंच आहे तर वाय-फाय कार्डाकडे पण बघा. जुनं कार्ड असेल आणि ते सोल्डर केलेलं नसेल तर इंटेलचं एएक्स२१० कार्ड बसतं, एएक्स२११ किंवा २०१ घेऊ नका, ती फक्त नव्या प्रोसेसरबरोबर चालतात, दिसायला एकसारखी असल्यामुळे गफलत होते. अँटेनाचे कनेक्टर फार नाजूक, सरळ वरून दाबायचे, तिरके नाही.

आणि विंडोज ११ बद्दल एक पर्याय म्हणून सांगतो, ही मशीन्स लिनक्सवर फार सुरेख चालतात, बायोस अपडेटसुद्धा एफडब्ल्यूयूपीडी या लिनक्सच्या अपडेट टूलमधून येतात. पण तुमचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर विंडोजचंच असेल तर त्यासाठी धडपड करू नका, कामाचं मशीन आहे.

वेखंड:

एसएसडीवर फक्त १८ जीबी मोकळी असेल तर विंडोज ११ च्या आधी ती बदला. ५१२ किंवा १ टीबी. पण घ्यायच्या आधी स्लॉट कोणता आहे ते बघा. एसएसडीचा एम.२ स्लॉट दिसायला सारखाच असतो पण काहींमधे फक्त साटा (जुना, हळू प्रकार) चालतं, काहींमधे एनव्हीएमई (नवा, वेगवान प्रकार). साटा फार तर ५५० एमबी प्रति सेकंदापर्यंत जातं, एनव्हीएमई या पिढीत साडेतीन हजारापर्यंत, पण खरं सांगायचं तर एक्सेल आणि ब्राउझरमधे हा फरक हाताला लागत नाही. त्यामुळे पीसीआयई ४ (एनव्हीएमई ज्या जोडणीवर चालतं तिची नवी आवृत्ती) ची महागडी घेऊ नका, ती या मशीनमधे ३ च्या स्पीडनेच चालेल आणि उगाच जास्त गरम होईल.

आता डेटा हलवण्याबद्दल, इथे नीट लक्ष द्या कारण माणसं इथे अडकतात. पहिलं म्हणजे बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू आहे का बघा. असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, फोनमधे फोटो पण काढा, त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही. मग बायोस अपडेट किंवा टीपीएम, सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा, नाहीतर पुढच्या बूटला ते ती रिकव्हरी की मागतं आणि ती नसेल तर डेटा गेला, तो कोणीच काढून देऊ शकत नाही.

दुसरं म्हणजे बायोसमधे डिस्क कंट्रोलर एएचसीआयवर आहे की रेडवर (डिस्कशी बोलायचे दोन मोड) ते बघा. ऑफिसच्या मशीनमधे तो बऱ्याचदा रेड मोडवर असतो आणि नवीन विंडोज टाकायला गेलं की इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, मग लोक एसएसडी खराब आली म्हणून परत करतात. क्लीन इन्स्टॉल करणार असाल तर आधी एएचसीआय करा. जुन्या विंडोजवर चालू असताना मात्र तो मोड थेट बदलू नका, विंडोज बूटच होणार नाही.

तुमच्या बाबतीत मी क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करण्यापेक्षा क्लीन इन्स्टॉलच (विंडोज पहिल्यापासून नव्याने टाकणं) सुचवीन. ऑफिसचं जुनं सॉफ्टवेअर, एजंट, काय काय राहिलेलं असतं, ते सगळं जातं. लायसन्सची काळजी नको, डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, तीच एडिशन टाकली की इंटरनेट लागताच ॲक्टिव्हेट होतं. अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स मात्र आधी जुन्या विंडोजमधून सरेंडर करायचं असेल तर करून घ्या आणि डेटाचा बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका, दुसऱ्या मशीनवर तो उघडून आकडे दिसतात का ते बघा.

टर्मिनलवाला:

वेखंडच्या प्रतिसादात एक भर. ऑफिसकडून घेतलेलं मशीन असेल तर त्यावरचं सगळं पुसायच्या आधी त्यांच्या आयटीला विचारा की हे मशीन त्यांच्या ऑटोपायलट यादीतून (मायक्रोसॉफ्टकडे नोंदवलेली ऑफिसच्या मशीन्सची यादी) काढलंय का. काढलं नसेल तर नवीन विंडोज टाकून इंटरनेट जोडलं की समोर त्या ऑफिसचं लॉगिन येऊन बसतं आणि एसएसडी बदलून ते जात नाही कारण ओळख हार्डवेअरवरून होते. बायोसला सुपरवायझर पासवर्ड (सेटिंग्ज बदलायला लागणारा) असेल तर तो पण त्यांच्याकडूनच काढून घ्या. सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर पैसे द्यायच्या आधी हे दोन्ही तपासावं.

जमाखर्च:

सगळं पार पडलं, सविस्तर लिहिते म्हणजे पुढच्यांना उपयोग होईल.

पंखा काढला आणि बारका_स्क्रू म्हणाले तसाच थर निघाला, जाळीचा निम्म्याहून जास्त भाग बंद होता. एका कडेला केसांचा गुंता पण होता. पेस्ट खरंच खडूसारखी झाली होती, कापडाला लागताच भुगा पडला. पीटीएमचं शीट लावलं, ते फार पातळ असतं, दोन्ही बाजूचं प्लास्टिक काढताना फाटायला बघतं, थोडा वेळ फ्रीजमधे ठेवून काढलं तर सोपं जातं. स्क्रू ठेवायला मी एका कागदावर लॅपटॉपची आकृती काढली आणि जिथला स्क्रू तिथे चिकटपट्टीने लावला, त्यामुळे लांबी-आखूडचा गोंधळ झाला नाही.

नवीन बॅटरी बसवून मीटिंग घेतली तर तापमान ७६ ते ७९, क्लॉक २.६ च्या वर, पंखा चालतो पण आवाज संभाषणात येत नाही. हे सगळं रॅम टाकायच्या आधी! एक्सेल अडकणं तर जवळपास पूर्णच थांबलं. मग ८ ची दुसरी स्टिक टाकली, त्याने टॅब बदलताना पान परत लोड व्हायचं ते बंद झालं, पण मीटिंगचा जो त्रास होता तो साफसफाईनेच गेला. टचपॅडचं बटण पण पूर्वीसारखं हलकं झालं.

आयटीला विचारलं तर मशीन खरंच त्यांच्या यादीत राहिलेलं होतं, त्यांनी ईमेल आल्यावर काढून टाकलं. डिस्क कंट्रोलर पण रेडवर निघाला. तुम्ही दोघांनी आधी सांगितलं नसतं तर मी दोन्हीकडे अडकले असते. विंडोज ११ आपणहून ॲक्टिव्हेट झालं.

एकच विचारायचंय, आता चार्जर कायम लावलेला असतो, ही बॅटरी पण फुगू नये म्हणून काय करू? रोज काढून ठेवत जाऊ का?

बारका_स्क्रू:

फार व्यवस्थित केलंत, आकृतीवर स्क्रू लावायची पद्धत आमच्याकडे नवीन मुलांना मी हीच शिकवतो.

काढ-घाल करायची गरज नाही. बिझनेस मशीनमधे चार्जिंगची मर्यादा लावायची सोय असते. लेनोवोमधे व्हँटेज ॲपमधे, डेल आणि एचपीमधे बायोसमधेच मिळते, डेलला कायम चार्जरवर वापरण्यासाठीचा वेगळा पर्याय आहे. ८० टक्क्यांवर थांबव असं सेट करा आणि चार्जर खुशाल लावून ठेवा. बॅटरी १०० वर आणि गरम अशी दिवसेंदिवस राहते त्याचा त्रास होतो, ८० वर तेवढा होत नाही. बाहेर जायच्या आदल्या रात्री १०० ची परवानगी द्या, आल्यावर परत ८०. आणि महिन्या-दोन महिन्यांनी मशीन सपाट टेबलावर ठेवून ती डुगडुगण्याची तपासणी करत जा, अर्धा मिनिट लागतो.

पलंगावर, गादीवर ठेवून मीटिंग करू नका. खालून हवा घ्यायच्या जाळ्या बंद होतात आणि खालचे तंतू परत आत ओढले जातात. वर्षातून एकदा कव्हर उघडून जाळी बघा, पेस्टला इतक्यात हात लावायला नको.

सायंतारा:

हा धागा वाचून माझा उलटा करून बघितला, सुदैवाने सपाट आहे. माझ्याकडे पण त्याच पिढीतला पातळ बिझनेस लॅपटॉप आहे, टास्क मॅनेजरमधे स्लॉटच्या जागी काहीतरी विचित्र आकडा दिसतोय. यात रॅम वाढेल का?

वेखंड:

पातळ मॉडेलमधे सावध राहा, तिथे रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असू शकते आणि टास्क मॅनेजर ती पण स्लॉट म्हणून दाखवतो. नावात एका अक्षराचा फरक असतो पण आत जमीन-अस्मानाचा. उदाहरणार्थ थिंकपॅड टी४८० मधे दोन स्लॉट आहेत, टी४८०एस मधे काही रॅम बोर्डवर आणि एकच स्लॉट, आणि एक्स२८० मधे सगळीच बोर्डवर, वाढवायची सोयच नाही. डेल लॅटिट्यूड ७४९० आणि एचपी एलिटबुक ८४० जी५ मधे दोन-दोन स्लॉट आहेत. काही बोर्डवर आणि एक स्लॉट असेल तर स्लॉटमधे मोठी स्टिक टाकता येते, फक्त दोन्हीकडची रॅम सारखी नसेल तर वरचा जास्तीचा भाग सिंगल चॅनलमधे चालतो, तुमच्या-आमच्या कामाला त्याने काही अडत नाही.

खालच्या स्टिकरवरचं मॉडेलचं पूर्ण नाव इथे टाका, सिरीयल नंबर टाकू नका, सर्व्हिस मॅन्युअल बघून सांगतो.